नजर कुठे थांबते? भोकरदनची हस्तिदंती मूर्ती, अजिंठ्याची भिंत आणि माझं फसलेलं पोस्टर



संशोधनाला लागू पाहणाऱ्या बऱ्याच जणांचा मला एक प्रश्न असतो : "दादा, पोस्टर कसं बनवायचं?" कोणतं सॉफ्टवेअर, कोणता फॉन्ट, किती रंग, एवढंच त्यांना हवं असतं. आज त्याचंच उत्तर देणार आहे, पण जरा लांबच्या रस्त्याने. हा रस्ता माझ्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनवरून इटलीत जातो आणि अजिंठ्यावरून परत येतो.

आधी माझी फजिती सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका परिषदेत पोस्टर लावलं होतं. विषय पातळ थरांचा, म्हणजे थिन फिल्म्सचा. आठ महिने घासून एक आलेख हाती आला होता आणि तो मला अतिशय प्रिय होता. एक ज्येष्ठ प्राध्यापक पोस्टरसमोर थांबले. दहा-बारा सेकंद पाहिलं आणि विचारलं, "ही भट्टी तुम्हीच बसवली का?" मी म्हटलं, "नाही सर, ती विभागाची आहे." ते "छान" म्हणाले आणि पुढे गेले. आलेखाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

तेव्हा राग आला. रात्री लॉजवर पोस्टरचा फोटो पाहिला आणि राग ओसरला. पोस्टरच्या मधोमध भट्टीचा मोठा, नारिंगी, तापलेला फोटो. माझा आलेख खाली उजव्या कोपऱ्यात, फिकट निळ्या रेषांत. सरांची काहीच चूक नव्हती. मीच त्यांना भट्टी दाखवली होती.

दोन शब्द, आधी नीट समजून घेऊ

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्यात त्यांना 'संकल्पचित्र' आठवत असेल. चौकोन आखायचा, त्यात आकार बसवायचे, रंग भरायचे. सर मागून येऊन म्हणायचे, "एका बाजूला जड झालंय बघ." हा झाला तोल. किंवा म्हणायचे, "सगळंच सारखं दिसतंय, मुख्य काय आहे यात?" हे झालं प्राधान्य. इंग्रजी पुस्तकांत यांनाच बॅलन्स आणि एम्फसिस म्हणतात.

आपण विज्ञानवाले असल्यामुळे तोल चटकन कळतो. दोन प्रकार धरा. पहिला मोंढ्यातल्या तागडीचा : दोन्ही पारडी सारखी, मधला काटा सरळ. चित्रात याला सममित तोल म्हणू. दुसरा प्रकार रोमन काट्याचा. त्याचे दोन दांडे असमान असतात. आखूड बाजूला जड माल, लांब बाजूला छोटं वजन, आणि ते वजन पुढेमागे सरकवायचं. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं झालं की दांडा आडवा राहतो. चित्रात हा असममित तोल : एका बाजूला मोठा आकार आणि दुसऱ्या बाजूला, केंद्रापासून लांब, छोटा पण ठसठशीत ठिपका.

फरक एवढाच की चित्रात वजन किलोत नसतं, ते नजरेत असतं. मोठा आकार जड, गडद रंग जड, भडक रंग जड, एकटा पडलेला आकार जड. माणसाचा चेहरा तर फारच जड. रुडॉल्फ आर्नहाइम यांनी 1954 च्या 'आर्ट अँड व्हिज्युअल परसेप्शन' या ग्रंथाची सुरुवातच तोलापासून केली, ती याचसाठी.

आणि प्राधान्य म्हणजे नजर आधी कुठे जाते आणि कुठे थांबते हे ठरवणं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, लेखभर लागणार आहे : प्राधान्य कुणाला तरी मिळतं ते दुसऱ्या कुणाचं तरी कमी करून. सगळं ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही.

ही तत्त्वं आली कुठून?

पाठ्यपुस्तकात ही तत्त्वं अशी छापलेली असतात की जणू ती गुरुत्वाकर्षणासारखी कायमच होती. तसं नाही. आज दिसते तशी 'डिझाइनची तत्त्वं' ही यादी बरीच अलीकडची आहे. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाऊ यांचं 'कॉम्पोझिशन' 1899 मध्ये आलं. 1907 मध्ये हार्वर्डच्या डेनमन रॉस यांनी 'अ थिअरी ऑफ प्युअर डिझाइन' लिहिलं आणि त्याच्या उपशीर्षकातच सुसंवाद, तोल आणि लय हे तीन शब्द घातले. तिथून कलाशाळांचे अभ्यासक्रम आणि मग आपली परीक्षा.

आपल्याकडे वेगळी यादी होती. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यात तोल असा वेगळा शब्द नाही, प्राधान्य असाही नाही. म्हणून आपल्या कारागिरांना ते कळत नव्हतं का? नाव नंतर मिळतं, काम आधी होतं. कोणत्याही संकल्पनेचा इतिहास वाचताना शब्दाचा इतिहास आणि कामाचा इतिहास वेगळा ठेवायचा. आता आपण कामाकडे वळू.

पॉम्पेईत सापडलेली बाई

सन 79 मध्ये व्हेसुवियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे रोमन शहर राखेखाली गेलं. 1938 मध्ये अमेदेओ माय्युरी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन चालू असताना एका घरात हस्तिदंताची मूर्ती मिळाली. उंची साधारण 25 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमी. घडण रोमन नव्हे, स्पष्टपणे भारतीय. राखेमुळे तिच्या काळाची वरची मर्यादा पक्की आहे : 79 च्या आधीच ती तिथे पोहोचलेली होती. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

तिचा फोटो शोधा आणि समोर ठेवून पुढचं वाचा.

मध्ये एक स्त्री उभी आहे. अंगावर वस्त्र जवळपास नाही, पण दागिने भरपूर : हातांत बांगड्यांची चळत, पायांत वाळ्यांची चळत, कमरेला मेखला, गळ्यात हार, डोक्यावर भरगच्च केशरचना. तिच्या दोन बाजूंना दोन छोट्या दासी. त्यांच्या हातांत प्रसाधनाच्या वस्तू आहेत आणि तोंडं बाहेरच्या दिशेला वळलेली आहेत.

आता तोल पाहा. वरवर पाहिलं तर ही तागडी : मध्ये काटा, दोन बाजूंना दोन पारडी. पण मधली बाई ताठ उभी नाही. तिने पायाला पायाचा तिढा घातला आहे आणि दोन्ही हात वेगवेगळ्या तऱ्हेने वळवले आहेत. म्हणजे मधला काटाच असममित आहे, आणि बाजूच्या दोन सममित आकृत्यांनी त्याला सावरलं आहे. मला तर वाटतं, पायाचा तिढा घातल्यामुळे खालचा भाग निमुळता झाला असता. दोन दासींनी तो रुंद केला. दिसायलाही आधार आणि उभं राहायलाही आधार.

आता प्राधान्य. मुख्य कोण, हे एका क्षणात कळतं. का? पहिलं कारण आकार : दासी तिच्यापेक्षा कितीतरी लहान आहेत. ती काही लांब-जवळची गोष्ट नाही, महत्त्वाप्रमाणे माप दिलंय. दुसरं कारण जागा : ती मध्ये आहे. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. बांगड्या आणि वाळ्यांच्या दाट रेषांच्या मध्ये तिचं शरीर गुळगुळीत, मोकळं सोडलं आहे. कोरीवकाम जिथे दाट तिथे नजर अडखळते, आणि मोकळ्या जागेवर येऊन थांबते. पोस्टरवर मोकळी जागा सोडा म्हणून तुमचे मार्गदर्शक सांगतात ना, त्याचं दोन हजार वर्षं जुनं उदाहरण हे.

मग भोकरदनचा काय संबंध?

भोकरदन हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांसाठी दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख येतो. म्हणजे इथले लोक इतके संपन्न आणि फिरते होते की मध्य भारतातल्या स्तूपांना दान देत होते. पैठण-तेरहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर हे गाव होतं. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला व्यापारी ग्रंथ पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन बाजारांची नावं घेतो. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचा, आणि भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत होतं.

1973 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल 1974 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे अवशेष मिळाले, आणि त्यांचं पॉम्पेईच्या मूर्तीशी साम्य अभ्यासकांच्या लगेच लक्षात आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळालेली आहे. पॉम्पेईची मूर्ती मथुरेच्या बाजूची असावी असा आधी समज होता, म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी ती दख्खनची, भोकरदनची असावी असं मांडलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खोलीतल्या खोलीत उठून फेऱ्या मारल्या. शाळेत असताना भोकरदनच्या स्टँडवरून कितीदा गेलो असेन. एसटी थांबायची, भजी घ्यायची, पुढे निघायचं. याच मातीत असं काही आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मग मी उत्साहात एक स्टेटस टाकलं : 'पॉम्पेईची मूर्ती आमच्या जालन्याची!' खूप लाइक्स आले.

आणि तिथेच मी भट्टीचा फोटो पुन्हा एकदा मध्ये लावला होता.

प्राधान्य खोटं कसं बोलतं

का, ते सांगतो. त्या मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे, आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, गांधार भागातली. दख्खनच्या कारागिराने खरोष्ठी खूण का करावी? शिवाय अफगाणिस्तानातल्या बेग्राम इथे 1937 ते 1939 दरम्यान फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळाला, त्यावरही अशा जुळणीच्या खुणा आहेत. म्हणजे एका पारड्यात भोकरदन आणि तेरचं साम्य, दुसऱ्या पारड्यात खरोष्ठी अक्षर आणि बेग्राम. हस्तिदंत हलकं, किमती आणि प्रवासी वस्तू. कारागीरही प्रवास करतात, नमुनेही करतात. अभ्यासकांमध्ये यावर अजून एकमत नाही. भोकरदनचा दावा भक्कम आहे, एकमेव नाही.

माझ्या स्टेटसमध्ये मी एकच पारडं दाखवलं. एकही शब्द खोटा बनवला नव्हता, फक्त दुसरं पारडं चौकटीबाहेर ठेवलं. संशोधनातल्या बहुतेक चुका अशाच होतात. आकडे खरे असतात, चौकट खोटी असते.

मूर्तीचं नाव घ्या. जगभर ती 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाते. पण लक्ष्मीची नेहमीची ओळख म्हणजे कमळ, दोन बाजूंनी पाणी घालणारे हत्ती. ते इथे नाही. दासी आहेत आणि प्रसाधनाचं सामान आहे. त्यामुळे ती यक्षी असावी, किंवा शृंगार करणारी एखादी स्त्री असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मग लक्ष्मी कुठून आली? मला वाटतं, रचनेतून आली. मध्ये मोठी आकृती, बाजूला दोन लहान : अशी मांडणी दिसली की आपल्या मनात देवी उमटतेच. देव्हाऱ्यापासून कॅलेंडरपर्यंत आपण तेच पाहत आलोय. प्राधान्याने आधी नजर ओढली आणि मग अर्थही ओढला.

आणि शेवटची गोष्ट. या मूर्तीच्या डोक्यातून खाली जाणारं एक छिद्र आहे. त्यात काहीतरी बसवलेलं असणार. आरसा म्हणा, किंवा ती एखाद्या छोट्या मेजाचा नाहीतर आसनाचा आधार असेल. म्हणजे आज संग्रहालयात ज्या मूर्तीकडे आपण एकटीकडेच पाहतो, ती तिच्या काळात कदाचित एका वस्तूचा भाग होती. तिच्या डोक्यावर कशाचा तरी भार होता. तोल सावरणं हेच तिचं काम होतं. प्राधान्य तिला आपण दिलं.

अजिंठ्याच्या भिंतीवर

आता थोडं पुढच्या काळात आणि थोडं वायव्येला जाऊ. भोकरदनहून सिल्लोडला या, तिथून जळगावच्या रस्त्याला लागा, की अजिंठ्याचा घाट येतो. काळ मात्र तीन-चारशे वर्षं पुढचा : पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटकांचा. क्रमांक 1 च्या लेण्यात जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे, पद्मपाणी.

तुम्ही तो पाहिलाय. पोस्टकार्डवर, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर, मोबाइलवर. खाली झुकलेली नजर, हातात कमळ, डोक्यावर मुकुट. हा चेहरा इतका का खेचतो? भिंतीवर आजूबाजूला गर्दी आहे : माणसं, माकडं, मोर, झाडं, डोंगर. चित्रकाराने पद्मपाणीला सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठं केलं. त्याचं अंग उजळ ठेवलं आणि मागची बाजू दाट, गडद. नाकाच्या उंचवट्यावर उजळ रंगाचा हात फिरवला, म्हणजे मंद उजेडातही चेहरा उठून यावा. आणि शरीराला तीन ठिकाणी बाक दिला. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा पहिलीकडे. एका बाजूला कललेलं वजन दुसऱ्या बाजूच्या बाकाने परत आणलं. हा रोमन काट्यासारखा असममित तोल आहे, माणसाच्या अंगात बसवलेला.

इथवर पुस्तकात वाचून कळतं. पण लेण्यात प्रत्यक्ष उभं राहिल्यावर मला वेगळंच दिसलं. पद्मपाणी एकटा नाही. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या आपल्या डाव्या हाताला तो आहे, उजव्या हाताला वज्रपाणी म्हणून ओळखला जाणारा दुसरा बोधिसत्त्व आहे. आणि दोघांच्या मध्ये, आत, अंधारात, दगडात कोरलेला मोठा बुद्ध बसला आहे. आत येणाऱ्याची नजर सरळ त्याच्याकडे जावी अशी सगळ्या लेण्याची मांडणी आहे. खांबांच्या रांगा, मधली मोकळी जागा, समोरचं दार.

म्हणजे भिंतीच्या चौकटीत पद्मपाणी मुख्य आहे. लेण्याच्या चौकटीत तो तागडीचं एक पारडं आहे. वज्रपाणी दुसरं पारडं, आणि काटा म्हणजे बुद्ध. आपल्या मोबाइलमधल्या फोटोने भिंत कापली, दार कापलं, जोडीदार कापला, बुद्धही कापला. उरला एक सुंदर चेहरा. पॉम्पेईच्या बाईचं झालं तेच इथे झालं : सावरणारा होता, त्याला आपण नायक केलं.

तर या सगळ्यातून मला जे कळलं ते एका वाक्यात सांगतो. तोल आणि प्राधान्य हे चित्राचे गुण नाहीत, ते चौकटीचे गुण आहेत. चौकट बदलली की दोन्ही बदलतात. आणि संशोधनात चौकट तुम्ही आखता, त्यामुळे जबाबदारीही तुमची.

आता तुमच्या पोस्टरकडे

एवढा फिरून आलो, आता उपयोगाचं सांगतो. मी स्वतः जे करतो तेच.

पहिलं, आकृती काढण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा : 'ही आकृती पाहून समोरच्याला अमुक कळलं पाहिजे.' ते वाक्य जमत नसेल तर आकृती काढू नका, अजून विश्लेषण बाकी आहे. वाक्य जमलं की त्यातली जी गोष्ट मुख्य, तिलाच एक भडक रंग. बाकीच्या रेषा राखाडी. चार रेषांना चार भडक रंग देऊ नका.

दुसरं, डोळे किलकिले करून पाहा. अक्षरं पुसट होतात आणि फक्त वजनं उरतात. मग कळतं की सगळ्यात जड काय आहे. माझ्या पोस्टरवर भट्टी होती. अनेकांच्या पोस्टरवर संस्थेचं बोधचिन्ह असतं. शिवाय एक प्रत काळ्या-पांढऱ्या रंगात काढून पाहा. फक्त लाल-हिरव्याच्या फरकावर तुमचा मुद्दा उभा असेल तर तो इथे पडतो, आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांच्यासमोरही पडतो.

तिसरं, प्राधान्याने खोटं बोलू नका. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. 92 आणि 95 यांची तुलना करताना अक्ष 90 पासून सुरू केला तर एक स्तंभ दुसऱ्याच्या अडीचपट उंच दिसतो. आकडे खरेच असतात, पण नजरेला तुम्ही फसवलेलं असतं. रेषालेखात अक्ष मधून सुरू करायला हरकत नाही, कारण तिथे उंची नाही, चढ-उतार वाचायचा असतो. पण तसं केलंय हे आकृतीखाली लिहा. आणि त्रुटीपट्ट्या, म्हणजे एरर बार, लपवू नका. ते दुसरं पारडं आहे.

चौथं, तोल म्हणजे सगळ्यांना समान जागा नव्हे. बरेच जण पोस्टरचे सहा सारखे चौकोन करतात : प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, निष्कर्ष, चर्चा, संदर्भ. दिसायला तागडी सरळ, पण मुख्य काहीच नाही. निष्कर्षाला निम्मी जागा द्या. बाकीचे चौकोन लहान करून कडेला लावा, दोन दासींसारखे. ते बिनकामाचे नाहीत, त्यांच्यावरच मधली मूर्ती उभी आहे.

पाचवं, हेच प्रबंधाच्या लिखाणालाही लावा. पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना तुमच्या बाजूचे वीस निबंध आणि विरुद्ध बाजूचा एक, असं झालंय का? तो एक खरोष्ठी अक्षरासारखा असू शकतो. आकाराने एवढासा, पण काट्यावर लांब बसलेला. वजन गुणिले अंतर, विसरू नका.

शेवटी

ते स्टेटस मी काढून टाकलं नाही. खाली एक लांब कॉमेंट लिहिली : भोकरदन आणि तेरचं साम्य, ढवळीकरांचं मत, खरोष्ठी अक्षर, बेग्राम, सगळं. तिला लाइक्स फारसे आले नाहीत. पण शाळेतल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "म्हणजे नक्की नाही, पण असू शकतं, असंच ना?" मी म्हटलं, "हो, असंच." तो म्हणाला, "मग तर जास्तच भारी आहे. शोधायला काहीतरी बाकी आहे."

पुढच्या वर्षी मी तेच काम दुसऱ्या परिषदेत मांडलं. आलेख मध्ये, मोठा, एकच लाल रेष, बाकी राखाडी. भट्टी खाली कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. एक मॅडम थांबल्या, आलेखावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे ही रेष अशी का वळली? मला पटत नाही."

पुढचा पाऊण तास आम्ही भांडलो. त्या वळणाचं त्यांनी सुचवलेलं कारण माझ्या कारणापेक्षा चांगलं होतं, आणि आता माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यावरच आहे.

तुम्ही एक करा. तुमची एखादी आकृती घ्या, घरातल्या कुणालाही दहा सेकंद दाखवा, मग झाकून विचारा, "काय दिसलं?" आईला विचारलंत तरी चालेल, विषय कळायची गरज नाही. त्या जे सांगतील तेच तुमचं प्राधान्य. ते तुम्हाला हवं होतं तेच आहे का, ते बघा. आणि कधी भोकरदनवरून जाणं झालं तर एसटीतून उतरून थोडं थांबा. भजी मिळतातच, पण तेवढंच नाहीये तिथे.